सुया लावलेल्या असताना रुग्णास उठवू नये

प्रत्येक शहर कशावर तरी उभं असतं. काही शहरं नदीवर उभी असतात, काही बंदरावर, काही खाणीवर. बेंगळुरू हे शहर सासूबाईंच्या गुडघ्यांवर उभं आहे. (आईचे गुडघेही चालतात, पण त्यांवर भावाच्या मुलांचं आरक्षण आधीच झालेलं असतं.) हे गुडघे देशाच्या कानाकोपऱ्यातून येतात, बाळंतपणापुरते येतात आणि मग शहराच्या पायाभूत सुविधांमध्ये जमा होतात. सर्जापूर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी लिफ्टपाशी उभं राहून पाहावं. वरून लॅपटॉपच्या पिशव्या खाली येतात; खालून, बाळाला कोवळं ऊन दाखवून आलेले गुडघे वर जातात. लिफ्टच्या दारात दोघांची गाठ पडते, बाळाचा पापा घेतला जातो, आणि देशाची निर्यात सुरू होते.

आमच्या घरची व्यवस्था याच सर्वमान्य तत्त्वावर चालली होती. मी आणि माझा नवरा सुशांत, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. आमचा मुलगा रणवीर दीड वर्षाचा. नाव रणवीर असलं तरी जमिनीवर पाय टेकवणं त्याला मंजूर नाही. त्याला चालता येतं. तसं बालरोगतज्ज्ञांनी लेखी दिलेलं आहे (मी मागून घेतलं). पण कडेवरून जग बरं दिसतं हे त्याला फार लवकर उमगलं, आणि ते चुकीचं आहे असं सांगायला आमच्याकडे कुठलाही पुरावा नव्हता. कड उल्काताईंची. उल्काताई म्हणजे सुशांतची आई. मीही त्यांना आईच म्हणते. मिरजेच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर त्यांना नकाशातल्या काही जागा प्रत्यक्ष पाहायच्या होत्या. पैकी सर्जापूर रोड त्यांनी पाहिला.

पाळणाघराचा विचार आम्ही केला नाही, असं कुणी म्हणू नये. मी त्याचा सखोल अभ्यास केला. पहिलं पाळणाघर नाकारलं, कारण तिथल्या एका मुलाला सर्दी होती. दुसऱ्यात एकालाही सर्दी नव्हती, हे संशयास्पद वाटलं. तिसऱ्यातल्या बाई रणवीरकडे पाहून हसल्या, पण डोळ्यांनी हसल्या नाहीत. चौथं सर्व दृष्टींनी उत्तम होतं, म्हणजे काहीतरी नक्की लपवत असणार. मग घरी सांभाळायला एक बाई ठेवली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा आणला. कॅमेऱ्याला कंटाळून बाई गेली. कॅमेरा राहिला. तो आईंवर नजर ठेवायला नाही, हे मी आईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. तो रणवीरसाठी आहे. आता रणवीर दिवसभर आईंच्या कडेवर असतो आणि त्यामुळे आई चित्रात येतात, त्याला माझा नाइलाज आहे.

गुडघ्याचं प्रथम लक्षात आलं ते या कॅमेऱ्यामुळेच. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी सहज फोनवर घर पाहत होते. आई जमिनीवरून उठत होत्या. उठताना त्यांनी आधी टीपॉय धरला, मग टीव्हीचं कपाट धरलं, आणि मग थोडा वेळ नुसतीच हवा धरली. रणवीर अर्थात कडेवर होता. संध्याकाळी मी विचारलं, आई, गुडघा कसा आहे? "बरा आहे," म्हणाल्या. या प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर ठरलेलं असे, आणि आम्हालाही हेच उत्तर सोयीचं असल्यामुळे या विषयावर आमच्या घरात कधी मतभेद झाले नाहीत.

तरी स्वभावाने मी काळजी करणारी. हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं की उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही, पण ती येऊ नये असं वाटत असेल तर मांड्यांचे व्यायाम करायचे, जिने कमी करायचे, उकिडवं बसायचं नाही आणि ओझं उचलायचं नाही.

"घरात ओझं बिझं काही उचलता का?" त्यांनी विचारलं.

आईंनी कडेवरच्या रणवीरकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. रणवीर छान हसला.

घरी येऊन सदर सल्ल्याचा अंमलबजावणीच्या दृष्टीने विचार झाला. व्यायाम एकमताने मंजूर. रणवीर झोपला की करायचे. (रणवीर झोपत नाही.) जिने टाळणंही मंजूर, लिफ्ट चालू असेल त्या दिवसांपुरतं. राहिला ओझ्याचा मुद्दा. त्यावर सुशांत भावनाविवश झाला. मूल म्हणजे काय ओझं असतं का गं आई, असं तो म्हणाला.

"बारा किलोचं मूल बारा किलोचंच असतं, सुशांत," भूगोलाच्या शिक्षिका म्हणाल्या आणि रणवीरला घेऊन उठल्या. टीपॉय, कपाट, हवा.

तेव्हा आम्हाला अशा उपचाराची गरज होती, जो गुडघा बरा करेल पण गुडघा दुखण्याच्या कारणाला हात लावणार नाही. अशा उपचाराला पर्यायी उपचार म्हणतात.

तो सुचवला वरच्या मजल्यावरच्या अंबुबाईंनी. अंबुबाई जन्माने येलहंक्याच्या. सध्या मुलाची जुळी सांभाळायला आमच्या सोसायटीत. घरात बोलायला मराठी, पण ती अशी की आमच्या सुशांतला मधूनमधून भाषांतर लागतं. त्यांची माणसं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आली. मोहीम आटोपली की परतायचं ठरलं होतं, ते अजून राहून गेलंय, असं त्या सांगतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईंनी बोटांवर शतकं मोजली. मग त्यांनी विचारलं, "तेही बाळंतपणालाच आले होते का हो?"

अंबुबाईंचं म्हणणं असं की येलहंक्याला भीमाचार्य नावाचे एक सुयांचे डॉक्टर आहेत, आणि त्यांनी गुडघ्यात सुया टोचल्यापासून आपल्याला स्वर्ग दोन बोटं उरला आहे.

"स्वल्प टोचतंय अक्का, नाही म्हणत नाही," त्या आईंना म्हणाल्या. "पण मग बघा, एकदम शांत. कोण म्हणून हाक मारत नाही. सरी? मंगळवारी येताय माझ्यासंगट."

पहिल्या वेळी मी सोबत गेले. कुठल्या सुया, कुणाच्या हातून, कुठे आणि किती खोल, हे कुणीतरी पाहायला हवं. सर्जापूर रोडहून येलहंका म्हणजे शहर उभंच्या उभं ओलांडायचं. हेब्बाळच्या पुलावर टॅक्सी इतका वेळ थांबली की आईंनी तिथे डुलकी काढली. (हाही उपचाराचाच भाग असावा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.)

भीमाचार्य हे शांत, गोरेपान, कपाळावर कोळशाच्या गंधाची, म्हणजे अंगारक्षतेची, बारीक रेघ असलेले गृहस्थ. माझ्या सर्व प्रश्नांची त्यांनी हिंदीत उत्तरं दिली. सुया केसाइतक्या बारीक. प्रत्येक रुग्णाला नव्या, बंद पाकिटातल्या. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना जे खळगे असतात तिथे दोन, बाकीच्या नडगीच्या अंगाने. टोचलं की आत जडपणा वाटतो, तो वाटायलाच हवा. घातलेल्या सुया आणि काढलेल्या सुया यांचा हिशेब जुळतो का, हेही मी विचारलं. ते म्हणाले, अजून तरी जुळलाय. "अजून तरी" या शब्दांवर मी पुढे दोन रात्री विचार केला.

उपचाराची जागा म्हणजे एक मोठी खोली. ओळीने खाटा. खाटांवर आज्या. कन्नड आज्या, तेलुगू आज्या, बंगाली आज्या, एक पंजाबी आजी. सगळ्यांचे गुडघे उघडे, गुडघ्यांवर सुया, सुयांवर वरून दिव्याचा शेक. दाराबाहेर एक वेताची टोपली, तिच्यात सगळ्यांचे फोन. टोपली अखंड थरथरत होती. कुणाची तरी सून, कुणाचा तरी मुलगा, डाळीत हिंग कधी घालायचा हे विचारत होते. आणि आत भिंतीवर कन्नड, इंग्रजी आणि हिंदीत एक पाटी: सुया लावलेल्या असताना रुग्णास उठवू नये.

इतकी शांतता मी फक्त रणवीर काहीतरी फोडण्याच्या तयारीत असताना अनुभवली आहे.

या उपचाराबद्दल घरी येऊन मी उपलब्ध संशोधन वाचलं. (रणवीर झोपत नाही, तेव्हा वाचनाला वेळ मिळतो.) त्याचं सार माझ्या समजुतीप्रमाणे असं: खऱ्या सुयांनी गुडघ्याला बरं वाटतं. खोट्या, म्हणजे भलत्याच जागी किंवा नुसत्या टोचल्यासारख्या केलेल्या सुयांनीही बऱ्यापैकी बरं वाटतं. ज्यांना कुणीच काही करत नाही, त्यांना बरं वाटत नाही. शास्त्रज्ञांना याचा उलगडा होत नाही, असं दिसलं. शास्त्रज्ञांना सुना नसाव्यात.

सुधारणा मात्र झाली, हे मान्यच करायला हवं. मंगळवार आणि शुक्रवार, आई आणि अंबुबाई टॅक्सीने जात. निघताना आईंच्या कपाळावर जी आठी असे ती येताना नसे. त्या जिना चढताना गुणगुणू लागल्या. भीमाचार्य दर खेपेला विचारत, शून्य ते दहा यांत दुखणं किती? आठाचं सहा झालं, सहाचं चार झालं. अडचण एकच होती. मंगळवारी आणि शुक्रवारी रणवीर माझ्याकडे असे. मी घरून काम करत होते, म्हणजे कॅमेरा बंद ठेवून, आवाज बंद ठेवून आणि बाळ चालू ठेवून. एकदा अमेरिकेतल्या ग्राहकाला मी चुकून "शी झाली का?" असं विचारलं. त्यांनी सभ्यपणे सांगितलं की काम प्रगतिपथावर आहे.

सबब, उपचार घरीच करून घ्यावा, असा प्रस्ताव मी मांडला. प्रवासाचा त्रास वाचेल, आईंचाच. सुशांतने अनुमोदन दिलं. आईंचं मत घ्यायचं राहून गेलं. भीमाचार्यांनी आपल्या हाताखालच्या डॉक्टरीणबाईंना पाठवलं आणि आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर, त्याच सुया, त्याच खळग्यांत, त्याच खोलीपर्यंत लावण्यात आल्या. सर्व बाबतींत काटेकोर साम्य होतं. प्रयोग म्हणतात तो याला.

सुया लागताच असं निदर्शनास आलं की रुग्णाचा वापर होत असलेला भाग फक्त गुडघा आहे, बाकीचा रुग्ण मोकळाच आहे. मीटिंग सुरू झाली म्हणून मी रणवीरला आईंच्या पोटावर ठेवलं. पोटावर एकही सुई नव्हती. पोटावर बसल्या बसल्या त्याला भूक लागली, तेव्हा वाटी आईंच्या हातात दिली, हातावरही नव्हती. मधल्या वेळात सुशांतने आतून विचारून घेतलं की कोकम कुठे आहे, कुकरचं झाकण का लागत नाही आणि इस्त्रीवाला आला तर त्याला काय सांगायचं. डॉक्टरीणबाई हे सगळं पाहत होत्या. त्यांनी निघताना माझ्याकडे पाहून मान डोलवली, ती कौतुकाची असावी.

दुखणं: नऊ.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा की ही विद्या येलहंक्याला चालते आणि सर्जापूर रोडवर चालत नाही. चिनी शास्त्रात शरीरातून जी जीवनशक्ती वाहते असं म्हणतात, ती बहुधा हेब्बाळच्या पुलावर अडकते. आमच्या सोसायटीत मी एक पाहणी केली (लिफ्टमध्ये), तिच्यातही याला दुजोरा मिळाला. दहापैकी आठ आज्यांचे गुडघे घरी दुखतात आणि घराबाहेर दुखत नाहीत. उरलेल्या दोघींनी "बरा आहे" असं सांगितलं, म्हणून त्यांना मोजणीतून वगळावं लागलं.

येलहंका पुन्हा सुरू झालं. पण आता मला खात्री वाटेना. काहीतरी माझ्या नजरेतून सुटत होतं, आणि माझ्या नजरेतून काही सुटलं की मला झोप लागत नाही. म्हणून एका शुक्रवारी, त्या दोघी निघाल्यावर काही वेळाने, मी दुसऱ्या टॅक्सीत रणवीरला घातलं आणि न सांगता येलहंक्याला गेले.

बाहेर बसलेल्या मुलीने सांगितलं की डॉक्टर आज नाहीत. देवनहळ्ळीकडे कुणाच्या तरी लग्नाला गेले होते ते वाहतुकीत अडकलेत, डॉक्टरीणबाई रजेवर. आम्ही सगळ्यांना सांगितलं मॅडम, परत जा म्हणून. मग गेल्या का? ती म्हणाली, नाही.

मी दारातून आत पाहिलं. सगळ्या खाटा भरलेल्या. सगळ्या आज्या आपापल्या जागी, उताण्या, डोळे मिटून. दिवे बंद. गुडघ्यांवर कुणी टॉवेल, कुणी पदर पांघरलेला. सुयांची बंद पाकिटं ट्रेमध्ये जशीच्या तशी. बाहेर टोपली थरथरत होती. अंबुबाई चक्क घोरत होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर आई, गुडघ्यावर आमच्याच घरातला निळा टॉवेल.

रणवीरने त्यांना पाहिलं आणि माझ्या कडेवरून दोन्ही हात पुढे केले. "आज्जी," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग रडू लागला. हा आवाज ऐकून आई झोपेतून, अंघोळीतून, एकदा तर देवळातल्या आरतीतून उठून आल्या आहेत.

आईंनी डोळे उघडले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ट्रेकडे पाहत होते, हे त्यांनी पाहिलं. टॉवेल त्यांनी हाताने सारखा केला.

"सुया आहेत, बाळा," त्या म्हणाल्या.

आणि डोळे मिटले.

मी पाटी पुन्हा एकदा वाचली. तीन भाषांत असल्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती. नियम तो नियम. रणवीरला घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले. तो रडत होता. टोपलीतला आईंचा फोन वाजून वाजून बंद झाला. उघडून पाहिलं तर सुशांतचा. त्याला रणवीरचे मोजे सापडत नव्हते. (रणवीर घरी नाही, हे अजून त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.)

नेहमीची वेळ झाल्यावर सगळ्या आज्या उठल्या, बाहेरच्या मुलीला आपापले दुखण्याचे अंक सांगून गेल्या. तीन, तीन, दोन, चार. आईंनी दोन सांगितला. परतताना टॅक्सी नेहमीप्रमाणे अडकली. हेब्बाळच्या पुलावर आईच बोलल्या. त्यांनी मला हेब्बाळचं तळं दाखवलं आणि नकाशावर त्याचा आकार कसा दिसतो, ते समजावून सांगितलं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत भीमाचार्यांनी गुडघा समाधानकारक असल्याचं जाहीर केलं. चालू शकता, प्रवास करू शकता, ओझं मात्र नको. आम्हाला फार आनंद झाला. सुशांतने त्याच संध्याकाळी रणवीरला आईंच्या कडेवर बसवून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: आई एकदम फिट.

आई एकदम फिट झाल्या आणि मिरजेला गेल्या.

उपचाराचा हा दुष्परिणाम आम्हाला आधी कुणीही सांगितलेला नव्हता. भूल देताना सह्या घेतात, दात काढताना कल्पना देतात. इथे एका शब्दाने सूचना नाही की गुडघा बरा झाला तर रुग्ण त्याच गुडघ्याने चालत निघून जाण्याचा संभव आहे. आईंनी बॅग स्वतः भरली. शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर लोणार पाहायला जायचं ठरलं होतं. उल्का पडून झालेलं सरोवर आहे ते, मुलांना कितीदा शिकवलं, पाहिलं कधीच नाही, असं त्या रणवीरला सांगत होत्या; खाली बसून, तो जमिनीवर उभा असताना. स्टेशनवर डब्याच्या पायऱ्या त्या काहीही न धरता चढल्या. मी सवयीने विचारलं, आई, गुडघा कसा आहे?

"बरा आहे," त्या म्हणाल्या. मग दारातून वळून, "आता खरंच आहे गं."

सध्या रणवीर माझ्या कडेवर असतो. कॅमेरा तसाच चालू आहे. सुशांत ऑफिसातून पाहतो. परवा मीही आई गेल्यानंतरचं चित्रण काढून पाहिलं. त्यात एक बाई जमिनीवरून उठताना आधी टीपॉय धरते, मग कपाट, मग थोडा वेळ हवा. कॅमेऱ्यात बिघाड असावा. बदलून घ्यायला सांगितलं आहे.

दरम्यान पर्यायी व्यवस्था म्हणून मी माझ्या आईला फोन केला. भावाची मुलं आता शाळेत जातात, आरक्षण उठलं आहे. ये ना गं थोडे दिवस, म्हटलं. आई म्हणाली, येते की. बाळाला पाहून किती दिवस झाले. मला भरून आलं. मग तिने विचारलं, "ते येलहंक्याचे सुयांचे डॉक्टर, त्यांच्याकडे मंगळवारीच असतं ना?"

तुझा गुडघा दुखतो? मी विचारलं. तू कधी बोलली नाहीस.

"नाही दुखत," आई म्हणाली. "तिकडे आल्यावर दुखेल. विहीणबाईंनी सगळं समजावून सांगितलंय. नंबर लावून ठेव."

नंबर लावला आहे. प्रतीक्षायादी मोठी आहे.

वाचकांचा आणखी वेळ घेत नाही. हा मजकूर आपल्याला इथवर, एकदाही न उठता, सलग वाचायला मिळाला, याचा अर्थ घरातलं मूल आत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर आहे. (मूल नसल्यास गॅसवर कुकर आहे आणि शिट्ट्या दुसरं कुणीतरी मोजतं आहे.) आत जाऊन त्यांना गुडघ्याचं जरूर विचारावं. "बरा आहे," असं उत्तर येईल. ते ऐकून घ्यावं, आणि परत येऊन निवांत बसावं. आपल्याला काही सुया लावलेल्या नाहीत, हे कुणाच्या लक्षात येणार नाही.